खुडूक कोंबडी विकूं नका

वर्तमानपत्राच्या अग्रलेखांत कोंबडी कशाला, असें कित्येक शिकल्यासवरल्या गृहस्थांस वाटेल. अग्रलेख म्हटला म्हणजे त्यांत निवडणूक असावी, मंत्रिमंडळ असावें, फार तर कापसाचा भाव असावा, अशी त्यांची समजूत. परंतु ज्या घरांत मिठाची पुडी, पोराची वही आणि दवाखान्याची चिठ्ठी ह्या तिन्ही गोष्टी दारच्या कोंबडीवर भागतात, त्या घराला कोंबडीचा प्रश्न मंत्रिमंडळाच्या प्रश्नाहून लहान नाहीं. कापूस वर्षांतून एकदां घरांत येतो आणि पुष्कळदां तो घरांत येण्यापूर्वींच सावकाराच्या वहींत जमा झालेला असतो. कोंबडी मात्र बाजाराच्या दिवशीं सकाळीं हातांत धरून नेली म्हणजे दुपारीं तिचे रोख पैसे होतात, आणि त्या पैशावर आजवर कोणा सावकाराला जप्ती आणतां आलेली नाहीं.

आज आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. घरचीं अंडीं घरच्या कोंबडीखालीं उबवून पिल्लें काढण्याची विद्या आपल्या घरांतून चालली आहे, आणि ती गेली तर कोंबडी दारांत राहील पण धंदा दुसऱ्याच्या हातीं जाईल. बियाण्याचें असेंच झालें. आपली आजी सरकी राखेंत घोळून पुढील सालाकरितां ठेवीत असे. आज आपण दरसाल पाकीट विकत आणतों, आणि दुकानदार सांगेल तो भाव देतों. जें कपाशीचें झालें तें कोंबडीचें होऊं द्यावयाचें कीं नाहीं, हें अजून आपल्या हातीं आहे.

हा धंदा किरकोळ आहे असें कोणी समजूं नये. २०१९ च्या पशुगणनेंत देशांतील कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मिळून ८५ कोटी १८ लाख भरले. त्यांपैकीं ३१ कोटी ७० लाख परसांतले होते. २०१२ च्या गणनेपासून परसांतले पक्षी जवळजवळ ४६ टक्क्यांनीं वाढले, आणि मोठमोठ्या शेडमधले साडेचार टक्क्यांनीं. म्हणजे ज्यांना कोणी कारखानदार म्हणत नाहीं, अशा आपल्या माय-बहिणींनीं उकिरड्याच्या कडेला हें काम करून दाखविलें आहे. ह्या कामाची नोंद सातबाऱ्यावर होत नाहीं. ज्याला सातबाराच नाहीं अशा मजुराच्या, कोष्ट्याच्या, बुरुडाच्या, कुंभाराच्या घरींहि तें चालतें. त्याचा पैसा बहुधा घरधनिणीच्या कनवटीला असतो, आणि म्हणूनच तो गुत्त्यांत न जातां पोरांच्या पोटांत जातो.

गिऱ्हाइकाची वाण नाहीं. नागपूर शहराच्या सावजी खानावळी सर्व देशांत नांवाजल्या आहेत. ह्या खानावळी मूळच्या हलबा कोष्टी विणकरांच्या. त्या तिखट रश्श्याला शेडमधली मऊ कोंबडी चालत नाहीं असें म्हणणारा खवय्या आजहि आहे, आणि तो गांवरान कोंबडीला जास्त दाम मोजतो. मौदा, कुही, उमरेड, पारशिवनी, काटोल येथील बाजारीं गांवरान कोंबडा घेऊन गेलेली बाई तो परत घेऊन आली असें सहसा घडत नाहीं. मग अडचण कोठें आहे? अडचण विकण्यांत नसून पिकविण्यांत आहे.

हिशेब करून पाहूं. समजा एका घरीं तीन गांवरान कोंबड्या आहेत. गांवरान कोंबडी वर्षांत साठ-सत्तर अंडीं देते. दहा-पंधरा अंडीं घातलीं कीं ती खुडूक होते. समजा प्रत्येक कोंबडी वर्षांत दोनदां, दर वेळीं १२ अंड्यांवर बसविली. म्हणजे ७२ अंडीं झालीं, आणि त्यांतून ५० पिल्लें निघालीं. ह्या पन्नासांपैकीं कांहीं मांजर नेतें, कांहीं घार, कांहीं मुंगूस. कांहीं थंडीनें जातात आणि उरलेल्यांवर मानमोडीची धाड येते. वर्षाअखेर हातीं पंधरा राहिलीं, तर बाई म्हणते, नशिबांत तेवढींच होतीं. परंतु ह्या पंधरांचीं तीस करण्यास नवी कोंबडी लागत नाहीं, कर्ज लागत नाहीं, सिमेंटचें शेड लागत नाहीं. तीं तीस पिल्लें आधींच जन्मलेलीं असतात. आपण फक्त त्यांतलीं पंधरा मरूं दिलेलीं नसतात, एवढेंच.

ह्या साऱ्या उद्योगाचें मूळ खुडूक कोंबडी आहे. ती खुडूक झाली, अंग फुगवून कोपऱ्यांत बसली, अंडीं देण्याचें थांबली, कीं पुष्कळ घरीं तिला शिक्षा होते. कोणी पाण्यांत बुचकळतो, कोणी तिच्या नाकांत पीस खुपसतो, आणि कोणी ‘बसून खाते’ म्हणून येत्या बाजारीं तिला विकून टाकतो. बंधूंनो, ती बसून खात नाहीं, ती बसून कमावते! एकवीस दिवस अन्नपाणी जेमतेम घेऊन, अंगाची ऊब देऊन, दिवसांतून अनेकदां अंडीं उलटींपालटीं करून ती जें काम करते, तेंच काम शहरांतलें यंत्र वीज जाळून करतें. यंत्र हजारों अंडीं उबवितें हें खरें. पण यंत्राला वीज लागते, पांडित्य लागतें आणि भांडवल लागतें. आपल्या वस्तीवर एका रात्रींत चार तास वीज गेली म्हणजे यंत्रांतलीं अंडीं नासण्याची भीति. खुडूक कोंबडीची वीज कधीं जात नाहीं.

उबवणें ही मूळची कारागिराची विद्या आहे. मिसर देशांत हजारों वर्षांपासून मातीच्या भट्ट्या बांधून त्यांत अंडीं उबवीत आले आहेत. तेथील कारागिरांपाशीं उष्णतामापक नव्हता. ते अंडें डोळ्याच्या पापणीला लावून ऊब किती आहे हें ओळखीत, आणि ती ओळख बाप पोराला शिकवी. तेव्हां ज्यांना अक्षर येत नव्हतें त्यांना शास्त्र येत नव्हतें असें म्हणण्याचें कारण नाहीं. मात्र आजीला जें हातानें येत होतें तें सुनेला तोंडानें सांगितलें पाहिजे, नाहीं तर तें आजीबरोबर जातें. म्हणून येथें तें सारें एकदां लिहून काढतों.

पहिली गोष्ट अंड्याची. ज्या अंड्यांतून पिल्लूं निघावें असें वाटतें, त्या कोंबड्यांत कोंबडा असला पाहिजे. आठ-दहा कोंबड्यांमागें एक कोंबडा पुरतो. परंतु तोच कोंबडा वर्षानुवर्षें आपल्याच लेकींवर ठेवला म्हणजे पिल्लें रोड निघतात आणि अंडीं वांझ राहतात. सबब दरसाल दूरच्या वस्तीवरच्या घराशीं कोंबड्याची अदलाबदल करावी. ह्यांत पैसा द्यावा-घ्यावा लागत नाहीं, फक्त सोयरीक लागते. अंडें मध्यम आकाराचें, स्वच्छ, न तडकलेलें घ्यावें. फार मोठें वा वांकडें घेऊं नये. अंडें धुवूं नये, कारण धुतल्यानें त्यावरचा साय-सारखा पापुद्रा जातो आणि घाण आंत शिरते. सांठवितांना गार जागीं, मातीच्या भांड्यांत, निमुळतें टोंक खालीं करून ठेवावें. आठ दिवसांहून शिळें अंडें बसवूं नये, आणि ऊन वाढलें असेल तर तीन-चार दिवसांहून शिळें नको.

दुसरी गोष्ट हंगामाची. आपल्या नागपूर प्रांताचा उन्हाळा साऱ्यांना ठाऊक आहे. वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हांत घरांत नुसतें ठेवलेलें अंडेंहि तापून त्यांतला जीव अर्धवट हालचाल करूं लागतो आणि मरतो. मग तें अंडें कोंबडीखालीं ठेवलें तरी त्यांतून घाणच निघते. भर पावसाळ्यांत पिल्लें काढलीं तर ओलीनें आणि चिखलानें मरतात. म्हणून दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ उत्तम. आणखी एक हिशेब ध्यानांत ठेवावा. पौषांत बसविलेल्या अंड्यांचीं पिल्लें माघांत फिरूं लागतात, आणि पांच महिन्यांनीं आषाढांत विकण्याजोगीं होतात. आषाढांत, म्हणजे आखाडीच्या दिवसांत, श्रावण लागण्यापूर्वीं, कोंबड्याला सर्वांत जास्त गिऱ्हाईक असतें. जो श्रावणांत कोंबडा घेऊन बाजारीं उभा राहतो त्याला दलाल हंसतो.

तिसरी गोष्ट बैठकीची. घरांतला अंधारा, शांत, वाऱ्याचा झोत न लागणारा कोपरा निवडावा. बुरुडाची टोपली किंवा कुंभाराची पसरट कुंडी घ्यावी, तळाशीं राख व माती घालून वर वाळलेलें गवत पसरावें, आणि थोडा निंबाचा पाला ठेवावा, म्हणजे उवांचा त्रास कमी होतो. कोंबडीला आधीं दोन दिवस दोन खोट्या अंड्यांवर बसवून पाहावी, ती चिकटून बसली तर रात्रीं खरीं अंडीं खालीं सरकवावीं. कोंबडीच्या पंखाखालीं झांकतील तेवढींच, म्हणजे दहा ते बारा अंडीं ठेवावीं. लोभानें अठरा ठेवलीं म्हणजे आळीपाळीनें सारींच गार होतात. दाणा आणि पाणी जवळ असावें, आणि दिवसांतून एकदां तिनें उठून विष्ठा टाकून यावें.

सातव्या रात्रीं अंधारांत एकेक अंडें कंदिलासमोर किंवा बॅटरीसमोर धरावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला असें समजावें. अगदीं स्वच्छ दिसलें तर तें वांझ; तें काढून टाकावें. शेवटचे तीन दिवस अंड्यांना हात लावूं नये. एकविसाव्या दिवशीं पिल्लूं स्वतःच कवच फोडतें. दया येऊन कवच सोलूं लागलें म्हणजे पुष्कळदां रक्त येऊन पिल्लूं दगावतें.

कित्येक घरीं अंड्यांमध्यें लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवतात. वीज कडाडली तरी अंडीं बिघडत नाहींत अशी समजूत आहे. खिळ्यानें नुकसान नाहीं, पण फायदाहि नाहीं. अंडीं नासतात तीं शिळीं असतात म्हणून, तापलेलीं असतात म्हणून, किंवा कोंबडा म्हातारा असतो म्हणून. खिळ्यावर विसंबून ह्या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष करणें हीच खरी हानि होय.

चौथी गोष्ट पिल्लांची, आणि येथेंच आपण सर्वांत जास्त हरतों. पिल्लांस पहिला महिना जपलें म्हणजे अर्धें काम झालें. दिवसा कोंबडीसह पिल्लें डालग्याखालीं ठेवावीं, थोडा वेळ राखणीनें बाहेर सोडावीं. रात्रीं खुराडें उंदीर-मांजर शिरणार नाहीं असें बंद करावें. पहिले कांहीं दिवस तांदळाची कणी, बारीक भरडलेली ज्वारी द्यावी आणि पाणी उथळ ताटलींत द्यावें. खोल भांड्यांत पिल्लें बुडून मरतात. पिल्लाला मांस वाढण्यास नुसता दाणा पुरत नाहीं. मडक्यांत ओलें शेण व पालापाचोळा भरून तें संध्याकाळीं वारुळाच्या जागीं पालथें घातलें, तर सकाळीं त्यांत वाळवी भरलेली सांपडते. तिला पिल्लें तुटून पडतात. वाळवी आपलें घर खाते, तिला कोंबडीचें खाद्य करण्यांत दुहेरी नफा आहे.

शेजारणींनीं ह्यांत एक युक्ति करावी. दोघींच्या दोन खुडूक कोंबड्या एकाच दिवशीं बसवाव्या. पिल्लें निघालीं म्हणजे रात्रीं सर्व एकीच्या पंखाखालीं घालावीं. दुसरी कोंबडी मोकळी होऊन लवकर अंड्यावर येते. पिल्लें कोणाचीं हें पायाला रंगीत दोरा बांधून ओळखावें, म्हणजे पुढें भांडण नको.

आतां विकतच्या पिल्लांविषयीं. सुधारलेल्या जाति वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. हैदराबादच्या संशोधन संस्थेनें वनराजा आणि ग्रामप्रिया काढल्या, बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें गिरिराज काढली. त्यांचीं अंडीं जास्त, वजन जास्त. ज्याला दाणा पुरवितां येतो त्यानें त्या अवश्य पाळाव्या. परंतु विकणारा एक गोष्ट सहसा सांगत नाहीं, ती आम्ही सांगतों. ह्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहींत. जास्त अंडीं मिळावीं म्हणून त्यांचा तो गुणच निवडून काढून टाकलेला आहे. शिवाय त्या संकराच्या असल्यामुळें त्यांच्या अंड्यांतून निघणारीं पिल्लें आईबापांसारखीं निघतील याची खात्री नाहीं. म्हणजे पुढील सालीं पुन्हां पिल्लें विकत आणलीं पाहिजेत. ज्या घरानें गांवरान खुडूक कोंबडी विकून सारें खुराडें नव्या जातीनें भरलें, त्या घरानें अंडीं वाढविलीं पण उबवण गमावली. सबब नव्या जातीच्या दहा असोत कीं वीस, दोन गांवरान खुडूक होणाऱ्या कोंबड्या घरांत असल्याच पाहिजेत. दुसऱ्या जातीचीं अंडींहि त्याच उबवतील.

सरकारच्या योजनांचेंहि थोडें बोलूं. पूर्वीं दारिद्र्यरेषेखालील घराला चार आठवड्यांचीं ४५ पिल्लें देण्याची केंद्राची योजना होती. तिच्यांत कांहीं पिल्लें वाटेंतच मरत आणि कांहीं भलत्याच दारीं जात, तरी ती गरिबाच्या नांवानें तरी होती. २०२१ सालीं पशुधन अभियानाची नवी मांडणी झाली, आणि ग्रामीण कोंबडीकरितां अनुदान ठरलें तें कमींत कमी एक हजार माद्या, त्यांचें उबवणी यंत्र व पिल्लांचें घर उभारणाऱ्या उद्योजकाला. खर्चाच्या निम्मे, पंचवीस लाख रुपयांपर्यंत. उरलेले निम्मे ज्याच्यापाशीं आहेत किंवा ज्याला बँक देते त्यालाच हें अनुदान मिळणार. तीन कोंबड्यांची बाई ह्या दारांतून आंत जाऊं शकत नाहीं. ती फक्त बाहेर उभी राहून त्या उद्योजकाचीं पिल्लें विकत घेऊं शकते. हजारवाल्याला द्यावयाचें तर द्या. पण तीनवालीच्या पिल्लांना लशीचा थेंब वेळेवर मिळेल एवढी तरी व्यवस्था त्याच खात्यानें करावी, ही मागणी फार मोठी आहे काय?

करारावरच्या शेडची गोष्ट आणखी वेगळी. त्यांत पिल्लें कंपनीचीं, खाद्य कंपनीचें, औषध कंपनीचें. शेड, वीज, पाणी, रात्रीचें जागरण आणि बँकेचें कर्ज मात्र शेतकऱ्याचें. त्याला किलोमागें पाळणावळ मिळते. कोणाला तें परवडतही असेल. पण जमीन आपली आणि पीक दुसऱ्याचें, ही बटई आपल्या वाडवडिलांनीं पुष्कळ पाहिली आहे. नुसतें नांव इंग्रजी झाल्यानें ती नवी होत नाहीं. त्याहून वाईट म्हणजे आमिषाचे धंदे. झाबुआची काळी कडकनाथ कोंबडी ही अस्सल जात आहे, तिला २०१८ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु ‘पैसे भरा, पिल्लें घ्या, अंडीं आम्हीच मोठ्या भावानें परत घेऊं’ अशा वचनावर पश्चिम महाराष्ट्रांत शेकडों शेतकरी फसले आणि २०१९ सालीं पोलिसांत तक्रारी झाल्या. कोंबडीचा दोष नव्हता. जो माणूस तुमचेंच अंडें बाजारभावाच्या कित्येक पटींनीं घेण्याचें वचन देतो, तो अंड्यांचा व्यापारी नसून तुमच्या ठेवीचा व्यापारी आहे, एवढें ओळखावें.

आतां मानमोडी. तिला शास्त्रांत राणीखेत म्हणतात, कारण १९२७ च्या सुमारास कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें ती आपल्या देशांत प्रथम ओळखली गेली. हिरवट पातळ हगवण, लुळा पंख, वांकडी मान, आणि दोन-तीन दिवसांत सारें खुराडें रिकामें. एकदां आली कीं तिला औषध नाहीं. कांहीं गांवीं ती आली म्हणजे मरीआईला कोंबडा कापतात. जो कोंबडा रोगांतून वांचला असता तोच आपण कापतों, आणि त्याचें रक्त व पिसें गांवभर पसरून रोगाला वाट करून देतों! देवीनें रोग धाडला नाहीं आणि देवी तो परत नेणार नाहीं. तो बाजारांतून आणलेल्या कोंबडीबरोबर, डालग्याबरोबर, चपलेबरोबर येतो. त्याला अडवावयाचें एकच साधन, लस. पहिल्या आठवड्यांत पिल्लाच्या डोळ्यांत वा नाकांत लासोटा लशीचा एक थेंब, पुढें आठव्या आठवड्याच्या सुमारास टोंचणी. पुढचें वेळापत्रक जनावरांच्या दवाखान्यांतून विचारून घ्यावें.

मग लस कां होत नाहीं? ती महाग आहे म्हणून नव्हे. लशीच्या एका कुपींत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांचे थेंब असतात. कुपी बर्फावर आणावी लागते, आणि एकदां पाणी मिसळून फोडली म्हणजे दोन तासांच्या आंत संपवावी लागते. आपल्या घरीं कोंबड्या आठ! आठांसाठीं कुपी फोडणें दवाखान्याला परवडत नाहीं आणि बाईला तर नाहींच. म्हणजे हें काम एका घराचें नाहींच, तें आळीचें आहे. पाटलाच्या, माळ्याच्या, तेल्याच्या, कोष्ट्याच्या, महार-मांगांच्या, गोंडांच्या साऱ्या घरच्या कोंबड्या एका दिवशीं, एका सकाळीं मोजल्या तर कुपी पुरतहि नाहीं. रोग जात पाहून शिरत नाहीं. वरच्या आळींत लस झाली आणि खालच्या वस्तींत झाली नाहीं, तर वरच्या आळीनें आपलें समाधान तेवढें विकत घेतलें. शाळेंतल्या मोठ्या पोरांनीं घरोघर जाऊन कोंबड्या व पिल्लें मोजून यादी करावी. गणिताचें एवढें चांगलें उदाहरण पुस्तकांत नाहीं. ती यादी घेऊन ग्रामपंचायतीनें पशुधन पर्यवेक्षकाकडून दिवस मागून घ्यावा. काम सूर्य उगवण्यापूर्वीं, खुराडीं उघडण्याआधीं करावें, म्हणजे कोंबड्यांमागें धांवावें लागत नाहीं.

बर्ड फ्लू हा रोग निराळा. आपल्या देशांत तो २००६ सालीं नवापुरांत प्रथम निघाला. मार्च २०२४ मध्यें नागपुरांतील सेमिनरी हिल्सवरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रांतच तो निघाला, आणि तेथील हजारों पक्षी व अंडीं नष्ट करावीं लागलीं. त्याच सालच्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रांत तीन वाघ आणि एक बिबट्या ह्याच रोगानें दगावले. ह्यांतून दोन धडे घ्यावे. सरकारी केंद्रावर सर्वस्वी विसंबून चालत नाहीं. तें बंद पडलें त्या सालीं ज्याच्या घरीं खुडूक कोंबडी होती त्याचें काम अडलें नाहीं. आणि दुसरें, एकाएकीं पुष्कळ कोंबड्या किंवा कावळे मरूं लागले तर तें लपवूं नये. मेलेली कोंबडी नाल्यांत टाकूं नये, आजारी कोंबडी कापून खाऊं नये, बाजारीं नेऊं नये. त्याच दिवशीं दवाखान्यांत कळवावें. सरकारच्या हुकुमानें मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधींच मेलेल्यांची मिळत नाहीं. जो लपवितो तो रोगहि पसरवितो आणि पैसाहि घालवितो.

शेवटीं अंडें खाण्याविषयीं. कोंबडी पाळणें हें हलकें काम, अंडें खाणें हें हलक्या लोकांचें खाणें, असें ज्यांनीं आपल्या मनावर बिंबविलें, त्यांच्या घरीं दूध-तूप होतें. आपल्या घरीं तें नव्हतें आणि आजहि पुष्कळ घरीं नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें सरकारनें शाळेच्या आहारांत आठवड्यास एक अंडें देण्याचें ठरविलें. न खाणाऱ्या पोरांना केळें. जानेवारी २०२५ मध्यें त्याचा पैसा बंद केला, आणि द्यावयाचें तर लोकवर्गणींतून द्या, असें सांगितलें. ज्या पोराला अंडें नको त्याच्यावर कोणी तें लादूं नये. परंतु ज्या पोरानें अंड्याच्या दिवशीं न चुकतां हजेरी लावली, त्याला आतां काय सांगावें, हें आम्हां शिक्षकांना सांगण्यास कोणी आलें नाहीं. सरकारकडे ही मागणी सोडूं नये. पण तोंवर गांवाला एक करतां येईल. वर्गणी काढून शहरांतल्या शेडचीं अंडीं आणण्यापेक्षां गांवांतल्या बायांकडूनच तीं रोख घ्यावीं. पैसा गांवांत राहील आणि अंडेंहि ताजें मिळेल. आणि घरधनिणीनेंहि सारींच अंडीं विकूं नयेत. बारा उबवण्यास, कांहीं बाजारास, पण आठवड्याकांठीं दोन तरी आपल्या पोराच्या ताटांत, आणि पोटुशी सून असेल तर तिच्याहि ताटांत पडलींच पाहिजेत.

तेव्हां माय-बहिणींनो, येत्या हंगामापूर्वीं इतकें करा. दोन खुडूक होणाऱ्या कोंबड्या राखून ठेवा. कोंबडा बदलून घ्या. वैशाखांत अंडीं बसवूं नका, दिवाळीनंतर बसवा. आळीतल्या कोंबड्यांची यादी करून लशीचा दिवस ठरवा. ह्यांतल्या एकाहि गोष्टीला कर्ज लागत नाहीं. आणि दलाल दारीं येऊन ‘ही बसून खाते, देऊन टाक’ असें म्हणेल, तेव्हां त्याला तलंगा दाखवा, कोंबडे दाखवा, पण अंड्यांवर बसलेल्या कोंबडीकडे बोट करूं देऊं नका.